शेवटचे कडवे कापू नका
उन्हाळ्यातले उघड्यावरचे जलसे, आपले गायक-वादक आणि आपली वर्गणी

चैत्र-वैशाखाचे ऊन डोक्यावर आले की कोरेगाव, रहिमतपूर, खटाव या सातारा जिल्ह्याच्या पट्ट्यात दुपारचे कुत्रेही रस्त्यावर दिसत नाही. पण सूर्य कलला, दारापुढे सडा पडला, की वस्तीत लगबग सुरू होते. समाजमंदिरापुढे दोन ट्रॉल्या एकमेकींना जोडून उभ्या राहतात. त्यांवर फळ्या, फळ्यांवर सतरंजी, मागे निळे कापड, त्यावर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा. आयाबाया जेवणे लवकर उरकून चटया घेऊन पुढची जागा धरतात. पोरे माइकवाल्याभोवती घोटाळतात. आणि मग ढोलकीवर पहिली थाप पडते.

वाचकहो, हा आपला उन्हाळी संगीत महोत्सव आहे. त्याला तिकीट नाही, कुंपण नाही, पत्रिकेवर कोणा कंपनीचे नाव नाही. १४ एप्रिलला जयंती होते, पण खेड्यापाड्यांत ती एका दिवसात संपत नाही. मुंबई-पुण्याला कामाला असलेली माणसे मे महिन्याच्या सुट्टीत गावी येतात. गायन पार्ट्यांनाही एकाच रात्री सगळीकडे जाता येत नाही. म्हणून कोणाची जयंती एप्रिलच्या अखेरीस, कोणाची बुद्धपौर्णिमेला, तर कोणाची मे महिन्याच्या शेवटाला. पाच-सहा आठवडे या तालुक्यातून त्या तालुक्यात गाणे फिरत राहते.

हे गाणे कोठून आले, ते कोण जिवंत ठेवते आणि आज त्याच्यावर कसली वेळ आली आहे, याविषयी आम्हाला आपल्याशी चार गोष्टी बोलायच्या आहेत.

कोणाच्या दावणीला नसलेले

शहरात अलीकडे ‘इंडिपेंडंट’ किंवा नुसते ‘इंडी’ संगीत हा शब्द फार चालतो. सिनेमासाठी नव्हे, कंपनीच्या मागणीवरून नव्हे, तर आपण लिहिलेले, आपण चाल लावलेले आणि आपल्याच हिमतीवर लोकांपुढे मांडलेले गाणे, असा त्याचा अर्थ. मुंबईत धोबी तलावाजवळच्या रंगभवन या उघड्या रंगमंचावर १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ नावाचा कार्यक्रम भरू लागला. गिटार आणि ड्रम घेतलेली तरुण मुले तेथे गात. पुढे आवाजाच्या नियमांमुळे रंगभवनातले असे कार्यक्रम थांबले. आजही अशा कलावंतांचे मेळे मोठ्या शहरांतून भरतात, त्यांची तिकिटे हजारांत जातात आणि वर्तमानपत्रे त्यांच्यावर रकानेच्या रकाने लिहितात.

त्यांच्याविषयी आमची काही तक्रार नाही. पण ‘इंडिपेंडंट’ या शब्दाची व्याख्या खरी धरायची, तर आपल्या जलसाकारांचा मान त्यांत पहिला लागतो.

याच सातारा जिल्ह्यातले खटाव तालुक्यातले कटगुण हे महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव. जोतीरावांनी १८६९ साली शिवरायांवर पोवाडा रचला आणि १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला. त्यांच्या पश्चात सत्यशोधक जलसे सातारा जिल्ह्यात गावोगाव फिरले. तमाशाचाच साज, पण आत मजकूर वेगळा. गणातला देव आणि गौळणीतल्या गवळणी बाजूला सारून शिक्षण, सावकारी आणि भटशाही यांवर सवाल-जवाब सुरू झाले.

तोच साज पुढे आंबेडकरी जलशांनी उचलला. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी नाशिक जिल्हा युवक संघाचा जलसा उभा केला. मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, दारू सोडा, पोरे शाळेत घाला, सभेला या, हे त्यांनी ढोलकीवर सांगितले. माझी दहा भाषणे आणि यांचा एक जलसा यांचे वजन सारखेच, या अर्थाचे बाबासाहेबांचे उद्गार आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जातात. कर्डकांनी १९७८ साली ‘आंबेडकरी जलसे’ हे पुस्तक लिहून या कामाची नोंद ठेवली, हे आपल्यावरचे उपकारच.

त्यानंतर वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस १९२२ साली जन्मला. मोठेपणी अक्षरओळख झाली, १९४३ पासून गाणी रचू लागला आणि २००४ साली जाईपर्यंत महाराष्ट्रभर गात फिरला. कोणा कंपनीचा नोकर नाही, कोणा दरबाराचा मानकरी नाही. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यातले वाटेगाव आहे. तेथले अण्णाभाऊ साठे १९२० साली जन्मले. अमरशेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढले आणि गिरणगावच्या मैदानांतून शाहिरी गाजवली.

या सगळ्यांचा मालक एकच होता. तो म्हणजे समोर जमिनीवर बसलेला माणूस. त्याच्या आणे-पैशांच्या वर्गणीवर ही कला चालली. म्हणून तिला कोणाचे मिंधे व्हावे लागले नाही.

उघड्यावरच का?

सभागृह परवडत नाही म्हणून आपण चौकात गातो, असे कोणाला वाटेल. ते अर्धेच खरे आहे. चौक हा आपल्यासाठी कधी आपला नव्हता, हे त्यामागचे दुसरे अर्धे.

या पट्ट्याने ती गोष्ट फार जवळून पाहिली आहे. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत १९०१ सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीतला एक प्रवास लिहून ठेवला आहे. दुष्काळी कामावर तलाव खोदण्याचे काम चालू होते आणि वडील रामजी तेथे खजिनदार होते. गावाचे नाव त्यांनी खटाव तालुक्यातले कोरेगाव असे दिले आहे. काही चरित्रांत ते गोरेगाव असे छापलेले आढळते. बाल भीमराव, त्यांचे मोठे भाऊ आणि बहिणीची दोन मुले, अशी चौघे साताऱ्याहून रेल्वेने निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. अंगात नवे कपडे, डोक्याला जरीच्या टोप्या. वडिलांना पत्र वेळेवर पोहोचले नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नाही. जात कळताच गाडीवाले मागे सरले. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला, तोही अशा अटीवर की गाडी पोरांनी हाकायची आणि तो पायी चालणार. रात्र पडली. सोबत जेवणाचा डबा होता, पण वाटेत कोणी पाणी दिले नाही. पाण्यावाचून घास उतरेना. पोरे उपाशी झोपली.

उन्हाळ्याचे दिवस, याच मुलखातली वाट आणि पाण्याचा घोट नाही. आज त्याच मुलखात उन्हाळ्याच्या रात्री चौकात मंच उभा राहतो, कडेला पाण्याचे पिंप भरून ठेवलेले असते आणि येणाऱ्या प्रत्येकाला, तो कोणत्याही आळीतला असो, पेला भरून दिला जातो. गाण्याच्या आधी झालेली ही गोष्टही जलशाचाच एक भाग आहे. सार्वजनिक पाणी आणि सार्वजनिक जागा, दोन्हींवरचा हक्क एकाच वेळी वापरला जातो. म्हणून बंद सभागृहातल्या कार्यक्रमाला चौकातल्या जलशाची सर येत नाही.

उघड्यावरच्या गाण्याचे शास्त्रही वेगळे असते. खोलीत आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि भरदार वाटतो. चौकात तो निघून जातो, परत येत नाही. म्हणून शाहीर वरच्या पट्टीत गातो. काळी चार, काळी पाच यांच्या खाली उतरत नाही. मुख्य गायकाने ओळ टाकली की मागचे झीलकरी ती उचलून धरतात. त्या अवधीत तो दम घेतो आणि पुढची ओळ आठवतो. तुणतुण्याची एकच तार सतत वाजत राहते, म्हणजे कोणाचा सूर सुटत नाही. ढोलकीच्या एका तोंडाला शाई असते, ते गायकाच्या सुरात चढवावे लागते. हलगीचे कातडे सैल पडले तर कागद-पाचटाचा जाळ करून शेकतात. माइक नव्हते त्या काळात ही सगळी रचना कामकरी माणसांनी आपल्या अनुभवातून उभी केली. त्यासाठी त्यांना कोणी शिष्यवृत्ती दिली नव्हती.

हलगी आणि गिटार

गेल्या काही वर्षांत या मंचावर नवे पाहुणे आले आहेत. पेटीच्या जागी कीबोर्ड आला, ढोलकीशेजारी ऑक्टोपॅड आला, बेंजो तर कधीचाच घरचा झाला. आता गिटारही येऊ लागली. जुन्या माणसांच्या कपाळाला आठ्या पडतात. “हे काय साहेबी वाद्य?” असे विचारले जाते.

आमच्या मते गिटारशी भांडण नको. रॉक संगीत ज्या ब्लूजमधून निघाले ते गाणे अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या काळ्या माणसांचे होते. गुलामीतून सुटले तरी माणूस म्हणून मान नव्हता, त्या लोकांनी साध्या गिटारीवर आपले दुःख आणि आपला ताठा गायला. त्याच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर चळवळीच्या नावावरून आपल्या तरुणांनी १९७२ साली दलित पँथर नाव घेतले. ती नाळ कवितेतून जुळली तशी ती गाण्यातूनही जुळू शकते.

जुळतेही आहे. चेन्नईत ६ जानेवारी २०१८ रोजी ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ या संचाचा पहिला कार्यक्रम उघड्या मैदानावर झाला. चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांचे नीलम सांस्कृतिक केंद्र आणि संगीतकार तेनमा यांनी मिळून एकोणीस जणांचा हा संच उभा केला. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतले ‘गाना’ हे गाणे, रॅप आणि रॉक त्यांनी एकत्र केले. त्यात ‘परै’ हे कातड्याचे वाद्य गिटारच्या बरोबरीने वाजते. परै म्हणजे आपल्या हलगीची बहीण. तिकडे ती एका जातीवर लादलेली होती, मयताला आणि दवंडीला वाजवावीच लागे. इकडे आपल्या वाडवडिलांवरही गावकीची अशीच वाद्ये लादली होती. गावकीच्या सक्तीने वाजवायचे त्यांनी सोडले, ते अगदी योग्य केले. पण सक्तीने वाजवणे निराळे आणि आपल्या मंचावर, आपल्या मर्जीने, आपल्या शब्दांसाठी वाजवणे निराळे. चेन्नईच्या पोरांनी हा फरक सगळ्या देशाला दाखवला.

मुंबईत कबीर शाक्य यांच्या ‘धम्म विंग्ज’ या बँडने बुद्ध-आंबेडकरांचा विचार रॉकच्या ढंगात मांडला. पंजाबात जालंधरच्या गिन्नी माही या तरुणीने बाबासाहेबांवरची आणि संत रविदासांवरची गाणी मोठ्या मैदानांतून गाजवली. आपल्या जिल्ह्याचे म्हणावे असे लोकशाहीर संभाजी भगत पाचगणीच्या बाजूचे. ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ या नाटकामागे त्यांची कल्पना आणि त्यांचे संगीत होते. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याचे संगीतही त्यांचेच. त्या चित्रपटाचा नायकच वस्तीवस्तीतून उघड्यावर गाणारा एक म्हातारा शाहीर आहे.

आणि या सगळ्या साजाबाजाशिवायही गाणे पोहोचते, हे छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात यांनी सिद्ध केले. हातात एकतारी, डोक्यावर पदर, मागे कोणी वादक नाही. मोबाईलवरून त्यांचा आवाज घराघरांत गेला आणि मग मोठमोठ्या मंचांनी त्यांना बोलावले. एकेकाळी जलशात बाईचे सोंगही पुरुष घेत. आज बाई स्वतः गाते आणि पुरुष खाली बसून ऐकतात. हाही जलशाने घडवलेला बदल आहे.

तेव्हा प्रश्न वाद्याचा नाही. प्रश्न आहे तो शब्द ऐकू येतो की नाही, याचा.

नाव कोठे गेले?

आपल्या गाण्यांची एक जुनी रीत आहे. कवी शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतो. संत मंडळींच्या अभंगांपासून ही चाल आली. वामनदादांच्या किती तरी गाण्यांत शेवटी ‘वामन’ येतो. गाणे कोणीही गावो, कोठेही गावो, शेवटच्या कडव्यापर्यंत गेले की रचणाऱ्याचे नाव आपोआप लोकांच्या कानी पडते. ज्याच्याजवळ छापखाना नव्हता, वकील नव्हता, करारपत्र नव्हते, त्या कवीने आपली सही गाण्यातच लपवून ठेवली. याहून चांगला बंदोबस्त दुसरा कोणता?

आता डॉल्बीच्या भिंतीपुढे काय होते ते पाहा. गाण्याचा मुखडा घेतात, त्याला ठेका जोडतात आणि तीच ओळ दहा मिनिटे फिरवतात. दुसरे कडवे येत नाही, तिसरे येत नाही. शेवटचे तर नाहीच नाही. म्हणजे कवीची सही कापली जाते. पोरे नाचतात, पण गाणे कोणाचे ते त्यांना माहीत नसते. ज्या ओळीत विचार होता ती ओळही त्याच कात्रीत जाते.

पूर्वी कॅसेटच्या काळात निदान वेष्टणावर बारीक अक्षरात गीतकाराचे नाव असे. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज खेड्यातल्या प्रत्येक टेपवर वाजला आणि त्यांच्या मुलांनी तो वारसा चालवला. पण त्या गाण्यांचे कवी कोण, असे विचारले तर आपल्यातले किती जण सांगू शकतील? मोबाईलवर तर वेष्टणच नाही. गाणे दुसऱ्याच्या नावाने चढते आणि पैसेही त्यालाच मिळतात.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गाण्यावर रचणाऱ्याचा हक्क त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे वारसांकडे राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा मोबदल्यातला वाटा आणखी पक्का केला. पण हक्क मागायचा तर गाणे आपले आहे याचा पुरावा लागतो. तो पुरावा म्हणजे तारखेसह लिहिलेली वही आणि ध्वनिमुद्रण. येथे आपण कमी पडतो.

हार्लेमची पेटी

ध्वनिमुद्रण म्हटले की आम्हाला अमेरिकेतल्या एका उन्हाळ्याची गोष्ट सांगावीशी वाटते. १९६९ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्या लोकांच्या वस्तीत २९ जून ते २४ ऑगस्ट या काळात सहा रविवार एका बागेत मोफत संगीत मेळा झाला. बी. बी. किंग, महालिया जॅक्सन, नीना सिमोन, स्टीव्ही वंडर असे एकाहून एक कलावंत गायले. सुमारे तीन लाख माणसांनी तो ऐकला. त्याच उन्हाळ्यात वुडस्टॉकचा मेळा झाला आणि त्याची कीर्ती जगभर गेली. हार्लेमचा मेळा मात्र विसरला गेला.

वास्तविक त्याचे सुमारे ४० तासांचे चित्रीकरण झाले होते. पण ते दाखवायला कोणी तयार होईना. फिती जवळजवळ पन्नास वर्षे तळघरात पडून राहिल्या. २०२१ साली त्यातून ‘समर ऑफ सोल’ हा माहितीपट तयार झाला आणि २०२२ साली त्याला ऑस्कर मिळाला. एका आख्ख्या समाजाचा एवढा मोठा उत्सव, पण तो घडला होता हे जगाला पटायला पन्नास वर्षे लागली. फिती होत्या म्हणून तेवढे तरी झाले.

आपल्याकडेही असे काम एकट्यादुकट्याने केले आहे. रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी गोळीबार झाला, आपली दहा माणसे गेली. त्या धक्क्याने चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपला जीव संपवला. दिग्दर्शक आनंद पटवर्धन यांनी तेव्हापासून कॅमेरा उचलला आणि १४ वर्षांनी, २०११ साली, ‘जय भीम कॉम्रेड’ पुरा केला. वस्त्यांतल्या कितीतरी गायकांचे आवाज त्यात जपले गेले. पण प्रत्येक तालुक्याला पटवर्धन कोठून येणार? कोरेगाव तालुक्यातली म्हातारी शाहीर मंडळी जी गाणी पाठ म्हणतात, ती त्यांच्याबरोबर गेली की गेली. त्यांच्या वह्या माळ्यावरच्या पेटीत आहेत आणि वाळवीला कविता कळत नाही.

जरा हिशेब मांडू

गायन पार्टीतले बहुतेक जण दिवसा दुसरे काम करतात. कोणी गवंडी, कोणी रिक्षा चालवतो, कोणी एमआयडीसीत कंत्राटावर, कोणी ऊसतोडीहून नुकताच परतलेला. त्यांच्या मानधनाविषयी मंडळात जी घासाघीस होते ती आपण सर्वांनी ऐकली आहे.

समजा, आठ जणांची पार्टी आहे आणि २०,००० रुपये ठरले. जीपचे भाडे आणि वाटेतला खर्च ५,००० गेला. उरले १५,०००. आठ जणांत वाटले तर माणशी १,८७५. रात्रभर जागायचे, दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडवायची, त्याआधी महिनाभर तालीम करायची, ढोलकीला पुडी चढवायची, कपडे शिवायचे. हे सगळे त्या १,८७५ मध्ये. त्यातही “उरलेले पैसे नंतर पाठवतो” म्हणणारे असतातच. मंडळाची पावती पुस्तके संपलेली असतात, जनरेटरवाल्याला रोख मिळालेले असते, डॉल्बीवाल्याने तर आगाऊच घेतलेले असतात. थांबायला सांगितले जाते ते फक्त गाणाऱ्याला, कारण तो आपला असतो. आपला म्हणून उधार, हा कसला न्याय?

वेळेचाही हिशेब आहे. जलसा पूर्वी कोंबडा आरवेपर्यंत चाले. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. आपण काय करतो? संध्याकाळी सात ते साडेनऊ पाहुण्यांचे सत्कार, हारतुरे आणि भाषणे. नऊ चाळीसला शाहिराला मंच मिळतो आणि दहाला पोलीस हवालदार हात दाखवतो. शाहीर साठ किलोमीटरवरून आलेला असतो. वीस मिनिटांत तो काय गाणार? त्यालाही मग दोन मुखडे म्हणून उतरावे लागते. म्हणजे शेवटचे कडवे कापणारे फक्त डॉल्बीवालेच नाहीत.

आणि कानांचाही विचार करा. आवाज ८५ डेसिबल असेल तर आठ तासांपर्यंत कान तो सोसतो. तोच १०० डेसिबल झाला तर पंधरा मिनिटांतच धोक्याची रेषा येते. डॉल्बीच्या भिंतीपुढे खांद्यावर तान्हे मूल घेऊन उभ्या असलेल्या बापाने हे ध्यानात घ्यावे.

येत्या जयंतीसाठी

मंडळाची बैठक होईल तेव्हा पुढच्या गोष्टी मांडून पाहाव्यात, अशी आमची सूचना आहे. यांतली एकही गोष्ट खर्चिक नाही.

१. आधी गाणे, मग सत्कार. सात वाजता बुद्धवंदना झाली की गायन पार्टीला मंच द्यावा. सत्कार मधल्या विश्रांतीत, पाच मिनिटांत उरकावेत.

२. मानधन कागदावर लिहून ठरवावे. अर्धे आधी आणि उरलेले मंच उतरण्याआधी रोख द्यावे. जेवण आणि झोपायची जागा मंडळाची.

३. प्रत्येक गाण्याआधी कवीचे नाव घ्यावे. निवेदकाच्या हाती यादी द्यावी. कवी ठाऊक नसेल तर तसे सांगावे आणि ज्याला माहीत असेल त्याने उठून सांगावे, असे आवाहन करावे. आमचा अनुभव असा की मागून एखादी म्हातारी हमखास नाव सांगते.

४. वस्तीतल्या एका मुलाकडे किंवा मुलीकडे ध्वनिमुद्रणाचे काम सोपवावे. सुरुवातीला गावाचे नाव, तारीख, गायकाचे आणि कवीचे नाव मोठ्याने बोलून ठेवावे. अर्थात गायकाला विचारून. शाहिरांच्या वह्यांची पाने मोबाईलवर टिपून दोन-तीन ठिकाणी ठेवावीत.

५. स्थानिक पोरापोरींना वीस मिनिटे द्यावीत. हलगी असो, गिटार असो की रॅप असो. अट एकच, शब्द स्वतःचे हवेत आणि ते कळले पाहिजेत.

६. डॉल्बीवर जायचा खर्च निम्मा करावा आणि उरलेल्या पैशांतून समाजमंदिरासाठी एक ढोलकी, एक पेटी आणि चार झांजा घ्याव्यात. त्या वर्षभर मुलांच्या हाती राहतील.

आता घराघरांतल्या आयाबहिणींना एक विनंती. कामावरून दमून आलेली माणसे “मी नंतर येतो” म्हणून घरी आडवी होतात. त्यांना उठवून आणा. मुलांना पुढे बसवा. गाणे चालू असताना उठू नका, कारण खाली माणसे बसलेली दिसली की गाणाऱ्याचा आवाज आपोआप चढतो. शाहीर विठ्ठल उमप २०१० साली नागपुरात दीक्षाभूमीवर मंचावर असतानाच कोसळले आणि गेले. वय ७९. या वयातही त्यांना मंच सोडवला नाही. समोर ऐकणारी माणसे होती, एवढेच कारण.

एकशेवीसहून अधिक वर्षांपूर्वी याच मुलखात एका उन्हाळी रात्री चार पोरांना पाणी मिळाले नव्हते. त्यांतल्या एकाने पुढे आपल्याला बोलायला शिकवले. ते बोलणे गाणाऱ्यांनी घरोघर पोहोचवले. या उन्हाळ्यात तुमच्या चौकात ते आले, तर त्यांना आधी पाणी द्या, मग वेळ द्या, ठरलेले पैसे द्या, आणि शेवटच्या कडव्यापर्यंत बसून राहा. त्या कडव्यात एक नाव असेल. ते पाठ करून घरी न्या.